भिजवलेल्या मेखा

माझ्या बारशाला पाळणा मोडला. मी त्यात नव्हते, म्हणून आज हे लिहायला शिल्लक आहे. पाळणा केला होता माझ्या आईच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी. तो कुणामुळे मोडला हे कळल्यापासून कोंडाजी सुताराचं नाव काढलं की माझं डोकं तापतं. त्याला मरूनही आता कितीतरी वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

आबांचं नाव हौशीराम. गाव मळवलीच्या पुढं, इंद्रायणीच्या काठचं, रेल्वेच्या रुळांना खेटून. घरची भातशेती धाकटा भाऊ बघायचा आणि आबा रुळांच्या गँगमध्ये होते. खडी भरायची, रुळांखालचे लाकडी स्लीपर बदलायचे, उन्हापावसात लोणावळ्यापर्यंत चालायचं. माणूस अंगानं दणकट आणि स्वभावानं इतका सरळ, की त्याला फसवायला फारशी अक्कल लागत नव्हती. कोंडाजीनं मात्र त्यासाठी सतरा वर्षं अक्कल खर्च केली.

आबांना लाकडाचा नाद लागला तो १९२१ च्या सुमाराला, लोणावळ्यात. तुंगार्लीच्या वाटेवर एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांचा बंगला होता. कुंपणासाठी त्यांनी जुने स्लीपर विकत घेतले होते, ते पोचवायला आबा गेले. बघतात तर साहेब व्हरांड्यात नुसत्या बनियनवर उभे, आणि फळीवर रंधा मारतायत. आत नोकर होते, बाजारात सुतार होते, तरी हे गृहस्थ घाम गाळत होते आणि वर शीळ घालत होते. आबांनी माळ्याला हळूच विचारलं, "साहेबावर ही पाळी का आली?" माळी म्हणाला, "पाळी कसली? हौस आहे त्यांची. रोजचंच आहे." कुणी सांगितलेलं नाही, कुणाला विकायचं नाही, आणि तरी माणूस राबतो आणि खूश असतो, हे आबांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. घरी येऊन त्यांनी ते बयाबाईला, म्हणजे माझ्या आजीला, तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी आजी म्हणाली, "मंग तुमी बी करा. पर माज्या चुलीची लाकडं सोडून."

पुढं त्या साहेबांनी आपला एक झिजलेला रंधा आबांना देऊन टाकला. तो फडक्यात गुंडाळून आबा पहिल्यांदा गेले ते कोंडाजीकडं.

गावात लाकडाचं काम कोंडाजीचं. नांगर, कुळव, गाडीची चाकं, दाराच्या चौकटी, सगळं तो करायचा आणि सुगीला प्रत्येक खळ्यावरून आपल्या वाट्याचं भात न्यायचा. त्याच्या बापाचं तेच, आज्याचं तेच. कुणब्यानं हातात लाकूड तासायचा वाकस धरणं म्हणजे सुताराच्या पानातलं उचलण्यासारखं. आबांना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी लपूनछपून काही केलं नाही. शिवाय कोंडाजी त्यांचा लहानपणापासूनचा सोबती, दोघं नदीच्या एकाच डोहात पोहायला शिकलेले.

"कोंडाजी, मला शिकव," आबा म्हणाले.

"काय शिकवू?"

"हेच. तुजं काम."

कोंडाजी आधी पोट धरून हसला. मग त्याची नजर फडक्यातल्या रंध्यावर गेली.

"घरापुरतंच करीन," आबा म्हणाले. "पाट, फळी, आसलं कायबाय. कुनाला करून दिनार न्हाई. आन् नांगराला तर हात बी लावनार न्हाई."

कोंडाजीनं वाकस खाली ठेवला, तंबाखू मळली आणि अर्धी आबांच्या तळहातावर ठेवली. झाला करार. नांगराला हात न लावण्याची अट आबांनी मरेपर्यंत पाळली. एकदा ऐन पेरणीत भावाचा नांगर मोडला आणि कोंडाजी नेमका देहूला गेलेला. आबांना तासाभरात जमलं असतं. ते दोन दिवस मोडक्या नांगराशेजारी बसून राहिले. भावानं त्यांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कोंडाजीनं शिकवलं मात्र मनापासून, निदान तसं दिसत होतं. करवत कशी ओढायची, रेघ कशी मारायची, पटाशीला धार कशी लावायची. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत कसं बसवायचं. ते बसलं की जोडातून आरपार भोक पाडायचं आणि त्यात बांबूची मेख ठोकायची. सगळा भार त्या बोटभर मेखेवर. आणि मेखेबद्दल त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, "मेख रातभर पान्यात ठेवायची. भिजली की फुगती, फुगली की घट्ट बसती. कुनाला सांगू नको. आमच्या घरान्यातलं हाय हे."

आबांनी कुणाला सांगितलं नाही. पडवीत एक मातीचं मडकं ठेवलं आणि त्यात मेखा भिजत घातल्या.

पहिला पाट झाला तेव्हा आबा त्यावर स्वतः बसले, आजीला बसवलं, दोघं मिळून बसायला निघाले तेव्हा आजी पळाली. पाट जागचा हलला नाही. कोंडाजीनं येऊन दोन्ही हातांनी तो हिसडून पाहिला आणि म्हणाला, "बरा झालाय." आबा त्या रात्री जेवले नाहीत इतके खूश होते. तीन महिन्यांनी गावचे महिपती पाटील घरी जेवायला आले. त्यांना मान म्हणून तोच पाट दिला. पाटील वजनदार माणूस. दुसऱ्या घासाला पाटाचा एक पाय सरकला आणि पाटील आमटीच्या वाटीसकट आडवे झाले.

त्यानंतर गावात कुठलीही डळमळीत गोष्ट म्हणजे 'हौशीरामाचा पाट' झाली. कुणाचं लग्न ठरता ठरता राहिलं तरी हौशीरामाचा पाट, कुणी शब्द फिरवला तरी हौशीरामाचा पाट. आबा हसण्यावारी न्यायचे. पण पुढच्या पाटाच्या मेखा त्यांनी एक रात्र जास्त भिजवल्या.

तो पाटही हलला. चौरंग केला, हलला. भांड्यांची मांडणी केली, ती हलली. आजीनं तिला बांबूचा टेकू दिला आणि टेकूला टेकू दिला. दर वेळी वस्तू पहिल्या दिवशी भक्कम आणि दोन-तीन महिन्यांत खिळखिळी. दर वेळी कोंडाजी यायचा. पडवीत ऐसपैस बसायचा, गुळाचा चहा प्यायचा, कमरेच्या पिशवीतून दोन मेखा काढून ठोकायचा आणि म्हणायचा, "आसू दे हौशा. हात बसाया येळ लागतो. कुनाकुनाचा बसत बी न्हाई." त्यानं ठोकलेली मेख पुन्हा कधी हलली नाही. त्यामुळं आबांची खात्रीच पटत गेली, की तीच रीत, तेच लाकूड, वाईट आहे तो आपला हात.

आजी मात्र डोळे उघडे ठेवून फिरणारी बाई. एकदा ती कोंडाजीच्या बायकोकडं, अंबूबाईकडं, विरजण आणायला गेली. येऊन म्हणाली, "अवं, त्येंच्या चुलीवर शिंक्यात मेखांची पाटी टांगलीया. धुरानं काळ्या ठिक्कर पडल्यात. त्येंच्या मेखा धुरात आन् तुमच्या पान्यात, आसं कसं?"

आबा तिच्यावर खेकसले. आयुष्यात फार कमी वेळा खेकसले, त्यातली ही एक. "ज्यानं शिकवलं त्याच्यावं संशय घ्यायचा व्हय? तुला काय कळतंय त्यातलं?"

आजीनं पुन्हा तो विषय काढला नाही. मला आबांचाही राग येतो तो इथंच. दहा वर्षं आधी खरं घरात चालत आलं होतं आणि त्यांनी त्याला दारातून हाकलून दिलं.

माझी आई, नंदाबाई, त्यांची एकुलती एक लेक. तिला उर्स्याला दिली होती. १९३८ साली पहिलटकरीण म्हणून ती माहेरी आली, आणि आबांनी पौषात पाळणा करायला घेतला. तीन महिने ते त्यावर होते. चारी खांबांना त्यांनी गोंडे कोरले. कोंडाजी येऊन बघून गेला, हिसडून गेला, बरा झालाय म्हणून गेला. मी जन्मले चैत्रात, ऊन असं की पत्रावळी वळून जात होत्या.

बाराव्या दिवशी बारसं. आमच्याकडं मूल पाळण्यात घालायच्या आधी त्यात वरवंटा निजवतात. त्याला कुंची घालायची, कुंकू लावायचं, आणि मूल ह्या दगडासारखं टणक होवो म्हणून बायकांनी त्याला झोका द्यायचा. उर्स्याहून माझी दुसरी आजी, आईची सासू धोंडाबाई, गाडी करून आली होती. मान म्हणून पहिला झोका तिनं दिला. दुसऱ्या झोक्याला पाळण्याचा एक कोपरा उघडला, तळ तिरका झाला आणि कुंचीसकट वरवंटा घुगऱ्यांच्या परातीत कोसळला. परातीला पोचा आला. हरभरे सगळ्या घरभर.

धोंडाबाईनं मला आईच्या मांडीवरून उचललं. "पोरीचं नशीब म्हनून दगूड व्हता," ती म्हणाली. "ह्या घरात माजं नातवंड पुन्यांदा निजनार न्हाई." दुसऱ्या दिवशी बाळंतिणीला आणि मला गाडीत घालून ती घेऊन गेली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आबा दारात उभे होते. मग आत आले आणि मडक्यातलं पाणी मेखांसकट उकिरड्यावर ओतलं.

आठवड्यानं त्यांनी मोडका पाळणा आणि सगळी हत्यारं पोत्यात भरली आणि लोणावळ्याच्या बाजारात निजाम मिस्त्रींच्या दुकानात नेली. निजामभाई बंगल्यांची कामं करायचे, मोठा नावाजलेला कारागीर. आबा म्हणाले, "हत्यारं ठिवून घ्या आन् ह्याच्याबदली एक पक्का पाळना द्या. माज्या हातात ही इद्या न्हाई."

निजामभाईंनी पाळण्याचे तुकडे बाकावर मांडले. एक खाच पाहिली, दुसरी पाहिली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली.

"ही कापणी कोणाची?"

"माजीच."

"भाऊ, माझ्याकडे बारा वर्षं काम करणारा कारागीर आहे, त्याला अशी खाच येत नाही." मग त्यांनी एका भोकातली मेख दोन बोटांनी, नुसत्या दोन बोटांनी, ओढून बाहेर काढली. "पण ही मेख ओली ठोकली होती का?"

"व्हय. रातभर भिजवून. फुगती म्हनून."

"फुगते. आणि वाळली की आकसते. मग भोक मोठं आणि मेख बारीक. मेख धुरावर सुकवून खडखडीत ठोकायची, हे तर आमच्याकडे पहिल्या दिवशी सांगतात. तुम्हाला उलटं कोणी सांगितलं?"

आबांनी ती मेख हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. निजामभाईंनी पाणी दिलं, ते प्यायले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी हात?"

"हाताला काय झालंय?" निजामभाई म्हणाले.

हत्यारांचं पोतं पुन्हा खांद्यावर घेऊन आबा घरी आले. आजीला म्हणाले, "तू म्हनत व्हतीस ते खरं व्हतं." आजीनं टोमणा मारला नाही, यावरून त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते समजा. तिनं उठून चुलीवर एक शिंकं टांगलं.

कोंडाजीला ते लगेच जाऊन भिडले नाहीत. निजामभाईंनी सांगितलं म्हणून मानायचं, तर एकदा एकाचं मानून काय झालं ते दिसलंच होतं. त्यांना स्वतः पाहायचं होतं. पावसाळाभर त्यांनी नवा पाळणा केला. तेच लाकूड, तेच गोंडे, मेखा तेवढ्या धुरातल्या. कार्तिकात तो पडवीच्या तुळईला टांगला आणि त्यात जात्याची वरची तळी ठेवली. कामावरून आले की रोज शंभर झोके. महिना झाला, पाळण्यानं हूं की चूं केलं नाही.

मग कोंडाजी आला. सवयीनं त्यानं पाळणा दोन्ही हातांनी धरून हिसडला. पुन्हा हिसडला. वाकून मेखेकडं पाहिलं, नखानं टोकरलं. मेखेवर धुराचा काळा रंग होता.

"आता बसला हात तुजा," तो म्हणाला.

"हात सतरा वरसांमागंच बसला व्हता, कोंडाजी," आबा म्हणाले. "मेखा वल्या व्हत्या."

कोंडाजी खाली बसला. कसल्या मेखा, काय बोलतोस, असं काही त्यानं विचारलं नाही. तेवढा प्रामाणिकपणा त्याच्या नावावर लिहायला माझी हरकत नाही.

"तुला शेत हाय," तो म्हणाला. "रेल्वेचा पगार हाय. तुजा पाट टिकला आसता तर शेजारी बी म्हन्ला आसता, मला शिकव. मंग माज्या पोरांनी काय करायचं?"

"मंग न्हाई म्हनायचं. पयल्या दिवशी न्हाई म्हन्ला आसतास, तर मी काय भांडलो आसतो तुज्यासंगं?"

कोंडाजीनं कमरेची पिशवी सोडून खाली ठेवली.

"नांगराला हात लावला का मी कधी?"

"न्हाई."

"आन् तू दर खेपेला यून बसायचास. चा प्यायचास. हात बसंल म्हनायचास. ते तरी खरं व्हतं का?"

आजी सांगायची, की त्या वेळी आबांचा आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं. तो चढला नाही. शेवटी आबांनी त्याच्याकडं एकच गोष्ट मागितली. "गावाला सांगू नको. लाज तुला वाटंल. पर माज्यासंगं उर्स्याला चल. इहिनीला येवढं सांग, की पोरीच्या बापाचा हात वाईट न्हाई. लेक माज्या घरला येईना झालीया, कोंडाजी."

कोंडाजीनं पाळण्यावर हात ठेवला. "येतो. सोमवारी सकाळच्या गाडीनं. शपत."

सोमवारी आबा पाळणा डोक्यावर घेऊन मळवलीच्या स्टेशनात तासभर आधी जाऊन थांबले. सोबत त्यांनी दोघांच्या भाकरी घेतल्या होत्या. गाडीची घंटा झाली तेव्हा गावचा नथू गुराखी धावत निरोप घेऊन आला, की कोंडाजीला ताप भरलाय. आबा एकटेच चढले. गाडी पुलापाशी आली की आमचं गाव डाव्या अंगाला स्पष्ट दिसतं. नदीकाठच्या जांभळीखाली कोंडाजी बसला होता. त्याचा वाकस वर जात होता आणि खाली येत होता. गाडीची शिटी ऐकून त्यानं मान वर केली नाही.

तळेगावला उतरून आबा पाळणा घेऊन उर्स्यापर्यंत चालले. धोंडाबाईनं त्यांना पाणी दिलं, घोंगडी टाकली, आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सतरा वरसं सुतारानं फशिवलं, आन् तुमाला कळलं न्हाई?"

"न्हाई."

"मंग तर आनकीच आवघड हाय. ह्यो पाळना तरी पक्का हाय, हे तुमाला कुनी सांगितलं?"

याचं उत्तर जांभळीखाली बसून लाकूड तासत होतं. त्यांनी चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पाळणा उचलायला वाकले.

तेवढ्यात माझी आई मला कडेवर घेऊन बाहेर आली. सासूसमोर ती तोवर कधी वर तोंड करून बोललेली नव्हती. "आबा, टांगा त्यो आंब्याला," ती म्हणाली. आबांना वाटलं, ती वेडी झाली. "टांगा म्हन्ते न्हवं." त्यांनी दोर फांदीवर टाकला. आईनं वरवंटा मागितला नाही, काही मागितलं नाही. धोंडाबाई "नंदे!" म्हणून ओरडली तोवर मी पाळण्यात होते आणि आईनं झोका दिलाही होता. एक दिला, दहा दिले. शेजारच्या बाया येऊन उभ्या राहिल्या. मी बसून गोंडे चावत होते म्हणे.

पाळणा हलला तेवढाच, जोड एकही हलला नाही. धोंडाबाईनं मग स्वतः पुढं होऊन चारी कोपरे चाचपून पाहिले. "संक्रांतीला धाडीन पोरीला," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

आईनं हसून आबांकडं पाहिलं. ते पाळण्याकडं बघतच नव्हते. तळेगावच्या रस्त्याकडं तोंड करून उभे होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कोंडाजी आला आसता तर त्यानं बगितलं आसतं," ते म्हणाले.

आई तडकली. "आबा! आजून त्याचंच नाव?"

"दुसऱ्या कुनाला कळतंय गं त्यातलं?" आबा म्हणाले.